लाइन वेगवान, फाइल मात्र गोगलगाय!

मुंबईहून हावड्याला जाणारी गाडी दुर्ग सोडते, भिलाईची धुराडी मागे टाकते आणि खारुन नदी ओलांडून रायपुरात शिरते. नदीच्या अलीकडे कुम्हारी लागतं. मेल-एक्स्प्रेसच्या प्रवाशाने एक डुलकी काढली तर हे गाव आलं कधी आणि गेलं कधी हे त्याला कळणारही नाही. पण रस्त्याने जाणाऱ्याला कुम्हारी बरोबर ठाऊक असतं. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आताचा ५३, इथूनच जातो. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून या पट्ट्यातली माणसं एकच हिशेब करत आली आहेत: माल निघाला कधी, अडकला कुठे आणि पोहोचणार कधी?

आता या मालात एका नव्या मालाची भर पडली आहे. त्याला ना डबा लागतो, ना ताडपत्री. तो तारेतून जातो. मात्र अडकायची वेळ आली की तोही ट्रकासारखाच अडकतो. फरक एवढाच, की ट्रक अडकला तर रस्त्यावर जाऊन पाहता येतं, फाइल अडकली तर पाहायचं कुठे?

समजा, कुम्हारीजवळच्या एखाद्या छोट्या कारखान्याचं ऑफिस आहे. दिवसभराची बिलं, हिशेब, गोदामाचे फोटो असा सगळा मिळून २० गिगाबाइट ऐवज दर रात्री मुंबईच्या कचेरीतल्या सर्व्हरवर पाठवायचा असतो. इथला कॉम्प्युटर उद्या बंद पडला, चोरीला गेला किंवा पावसाच्या पाण्यात भिजला, तरी हिशेब मुंबईत सुरक्षित राहावा हा त्यामागचा हेतू. रात्री दहाला काम सुरू होतं. सकाळी मालक येऊन पाहतात, तर फाइल अजून वाटेतच!

''अरे, शंभरची लाइन घेतली ना आपण?'' मालक विचारतात.

''हो साहेब. दोनशेची घेऊया का?'' कॉम्प्युटर बघणारा मुलगा म्हणतो.

इथेच खरी मेख आहे. दोनशेची लाइन घेतली, पैसे दुप्पट मोजले आणि फाइल तरीही सकाळपर्यंत वाटेतच राहिली, असं होऊ शकतं. ताप कशाने आला हे न पाहता औषधाचा डोस वाढवण्यातला हा प्रकार. दुसरा उपाय त्याहून वाईट. कोणी तरी जाणता सांगतो, ''तो एसएसएचचा कुलूपबंद रस्ता सोडा, साधा जुना एफटीपी वापरा. पळेल फाइल!'' फाइल कदाचित पळेलही. पण कुलूप काढून टाकलेल्या ट्रकातून!

हे कुलूप आलं कुठून?

एसएसएच म्हणजे सिक्युअर शेल. दूरच्या कॉम्प्युटरवर जाऊन काम करण्याचा, त्याच्याकडे फाइल पाठवण्याचा बंदिस्त मार्ग. या मार्गावरून जाणारी प्रत्येक गोष्ट आधी सांकेतिक लिपीत बदलली जाते आणि पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा उलगडली जाते. मधे कोणी तार टॅप करून बसला तरी त्याच्या हाती निरर्थक अक्षरांचा गोळा लागतो.

त्याचा जन्म फिनलंडमधला. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात चोरी झाली. चोराने विद्यापीठाच्या नेटवर्कवर गुपचूप एक ऐकणारा प्रोग्रॅम बसवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हजारो पासवर्ड गोळा केले. त्या काळी टेलनेट आणि एफटीपी या पद्धतींत पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जात असे. तिथल्या तातू इलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिला आणि त्याच वर्षी जुलैत सर्वांसाठी खुला केला. एफटीपीचा दरवाजा क्रमांक २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता. इलोनेनने तो मागितला आणि मिळवला. आजही एसएसएचचा दरवाजा २२ क्रमांकाचाच आहे.

योगायोग पाहा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमची किरकिर ऐकत एखादा फोटो उतरवायला तेव्हा चहाचा कप संपायचा. त्या काळी लाइनच मंद होती. आज लाइन वेगवान आहे, म्हणून फाइल मंद झाली की माणूस बुचकळ्यात पडतो.

आधी हिशेब, मग तक्रार

वैद्य नाडी हातात घेण्याआधी दोन प्रश्न विचारतो. इथेही तसंच. पहिला प्रश्न: फाइल खरोखर मंद आहे का?

टेलिफोन कंपनी 'शंभरची लाइन' म्हणते तेव्हा ती सेकंदाला १०० मेगाबिट म्हणत असते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र मेगाबाइट दिसतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे शंभरच्या लाइनीवर पडद्यावर जास्तीत जास्त साडेबारा दिसणार. ''शंभर सांगितले आणि बाराच मिळतात, फसवलं!'' अशी तक्रार पुष्कळांची असते. त्यात फसवणूक नाही, आठने भागायचं राहून गेलेलं असतं.

या हिशेबाने २० गिगाबाइटला १,६०० सेकंद लागायला हवेत. म्हणजे सत्तावीस मिनिटं. इकडचं तिकडचं धरून अर्धा-पाऊण तास. रात्रभर लागतोय, म्हणजे आजार खराच आहे.

दुसरी गोष्ट, शंभरचा आकडा कुठल्या दिशेचा? घरगुती जोडण्यांमध्ये अनेकदा माल आणायचा रस्ता रुंद आणि पाठवायचा रस्ता अरुंद असतो. सिनेमा पाहणाऱ्याला पाठवायचं फारसं काही नसतं, म्हणून ही सोय. बॅकअप पाठवणाऱ्याला मात्र नेमका तोच अरुंद रस्ता वापरायचा असतो. कराराच्या कागदावर अपलोडचा आकडा वेगळा पाहावा.

दुसरा प्रश्न: उशीर दारात होतो की वाटेत? पासवर्ड दिल्यावर पंधरा-वीस सेकंद नुसतं थांबायचं आणि एकदा आत शिरलं की सारं सुरळीत, असा प्रकार असेल तर लाइन निर्दोष आहे. बहुधा पलीकडचा सर्व्हर आलेल्या पाहुण्याच्या पत्त्यावरून त्याचं नाव शोधत बसलेला असतो आणि नाव सांगणारा सर्व्हर उत्तर देत नसतो. हा दाराशी बसलेल्या रखवालदाराचा दोष. तो एका सेटिंगने सुटतो. त्यासाठी रस्ता खणायची गरज नाही.

वाट पाहण्यात गेलेली रात्र

दोन्ही प्रश्नांनंतरही फाइल मंदच असेल तर आता रस्त्याकडे वळायचं. आणि इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, जी समजली की अर्धं कोडं सुटतं. रस्त्याची रुंदी वेगळी आणि लांबी वेगळी!

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. कुम्हारी ते मुंबई रेल्वेने अकराशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन बावीसशे. म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला निदान ११ मिलिसेकंद, सेकंदाचा नव्वदावा हिस्सा. पण तार नाकासमोर जात नाही. ती वळणं घेते, वाटेत राउटर थांबवतात. त्यामुळे हा काळ ४० मिलिसेकंद झाला तर नवल नाही. सर्व्हर अमेरिकेत असेल तर २५० मिलिसेकंदही लागतात. हा काळ 'पिंग' नावाच्या साध्या आज्ञेने कोणालाही मोजता येतो.

आता गंमत अशी, की पाठवणारा कॉम्प्युटर सगळी फाइल एकदम सोडून देत नाही. थोडा माल पाठवतो आणि 'मिळाला' अशी पावती येईपर्यंत थांबतो. पावती न घेता किती माल रस्त्यावर सोडायचा याची मर्यादा ठरलेली असते. तिला विंडो म्हणतात. इंटरनेटच्या मूळ नियमांत ही मर्यादा ६४ किलोबाइट होती. पुढे १९९२ साली ती वाढवायची सोय झाली आणि आजचे कॉम्प्युटर ती आपोआप वाढवतात. पण जुनं यंत्र, चुकीचं सेटिंग किंवा मधला एखादा फाजील सावध फायरवॉल यामुळे ती ६४ वर अडकून राहू शकते.

मग काय होतं? ४० मिलिसेकंदांची एक फेरी, म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत ६४ किलोबाइट. एकूण सेकंदाला १.६ मेगाबाइट. आपले २० गिगाबाइट पोहोचायला साडेतीन तास! अमेरिकेच्या सर्व्हरला सेकंदाला चारच फेऱ्या होतात, तेव्हा तेच काम जवळजवळ २२ तासांवर जातं. लाइन शंभरची असो, दोनशेची असो की हजाराची, हा आकडा हलत नाही. कारण रस्ता रिकामाच आहे, ट्रक पावतीची वाट पाहत उभे आहेत. अशा वेळी लाइनीचे पैसे दुप्पट करणं म्हणजे रिकाम्या रस्त्याला आणखी एक पदर जोडणं.

एसएसएचला तर या विंडोवर स्वतःची आणखी एक विंडो असते. आज सर्वत्र वापरला जातो तो त्याचा ओपनएसएसएच हा अवतार. २००७ साली त्याची ४.७ ही आवृत्ती आली तेव्हा ही आतली विंडो वाढवण्यात आली आणि दूरच्या रस्त्यावर वेग सुधारला. आता ती साधारण दोन मेगाबाइट असते. मुंबईसाठी हे भरपूर झालं. अमेरिकेसाठी मात्र चार फेऱ्यांत सेकंदाला आठ मेगाबाइट, एवढीच मजल. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग सुपरकॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ख्रिस रापियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी ही अडचण हेरून एचपीएन-एसएसएच ही वेगळी आवृत्ती तयार केली. शास्त्रज्ञांना प्रयोगांचे डोंगराएवढे आकडे दूरदेशी पाठवावे लागतात, त्यांना तिचा उपयोग होतो. साध्या ऑफिसात मात्र याहून सोपा मार्ग चालतो: एका मोठ्या फाइलचे चार भाग करून चार जोडण्यांवरून एकाच वेळी पाठवायचे. चौघांना एकत्र पाठवून वेग तिप्पट-चौपट झाला, तर समजावं की रोग विंडोचाच होता.

वाटेत सांडणारा माल

पिंगची आज्ञा आणखी एक गोष्ट सांगते. शंभर निरोप पाठवले आणि नव्व्याण्णवच परत आले, तर वाटेत एक टक्का माल सांडतोय. एक टक्का म्हणजे किरकोळ, असं वाटेल. पण इंटरनेटचा स्वभाव असा, की माल हरवला की पाठवणारा समजतो पुढे गर्दी आहे, आणि वेग निम्म्यावर आणतो. मग हळूहळू वाढवतो. पुन्हा हरवला, पुन्हा निम्म्यावर.

हा स्वभाव त्याला मुद्दाम लावलेला आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या बर्कली इथे एक विचित्र प्रकार घडला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्डांचं. त्यांच्यामधला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चक्क ४० बिटांवर आला. आठशेपट घट! व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधलं. गर्दीत माल हरवला की प्रत्येक कॉम्प्युटर तो पुन्हा पाठवत होता, त्याने गर्दी वाढत होती, मग आणखी हरवत होता. १९८८ साली त्यांनी उपाय मांडला: हरवलं की मागे सरा. त्या शिस्तीवर इंटरनेट तगलं.

पण हीच शिस्त कुम्हारीच्या ऑफिसात आड येऊ शकते. तिथे माल गर्दीमुळे सांडत नसतो. केबलचं डोकं ढिलं असतं, उंदराने वायर कुरतडलेली असते, वायरलेसच्या मधे लोखंडी कपाट असतं. कॉम्प्युटर मात्र गर्दी समजून मागे सरत राहतो. १९९७ साली मॅथिस आणि सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं. त्या गणिताने ४० मिलिसेकंदांच्या रस्त्यावर एक टक्का माल सांडला, तर वेग सेकंदाला सुमारे साडेचारशे किलोबाइटवर येतो. २० गिगाबाइटला बारा तासांहून जास्त! रात्री दहाला निघालेली फाइल सकाळी दहालाही वाटेत का असते, याचं उत्तर कधी कधी साठ रुपयांच्या वायरीत असतं.

हे गणित जुन्या शिस्तीचं. गूगलने २०१६ साली बीबीआर नावाची नवी शिस्त मांडली. ती एखादं पाकीट हरवलं म्हणून लगेच घाबरत नाही. ती मांडणाऱ्यांत पुन्हा व्हॅन जेकबसन होतेच.

उंच ट्रक आणि मुका पोलीस

आता एक फसवी खूण. एसएसएचने आत शिरता येतं, लहानसहान आज्ञा चालतात, छोटी फाइल जाते. मोठी फाइल सुरू केली की दोन-चार टक्क्यांवर थिजते. ना पुढे, ना मागे.

रेल्वेपुलाखालून जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. स्कूटर जाते, मोटार जाते. उंच ट्रक अडकतो. नेटवर्कवर एका पाकिटाचा नेहमीचा कमाल आकार १५०० बाइट असतो. पण अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत कंपनीची स्वतःची चिठ्ठी त्यात आठ बाइट खाते, म्हणून १४९२ च उरतात. बोगदा करून चालणाऱ्या व्हीपीएनमध्ये आणखी कमी. मोठं पाकीट अशा ठिकाणी पोहोचलं की तिथल्या राउटरने मागे निरोप द्यायचा असतो, 'ट्रक उंच आहे, लहान करून पाठवा.' पण सुरक्षिततेच्या नावाखाली कोणी तरी फायरवॉलमध्ये असे निरोपच बंद करून ठेवलेले असतात. पुलापाशी पोलीस आहे, पण तो मुका! पाठवणारा तोच उंच ट्रक पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

उपाय सोपा. पाकिटाचा आकार, ज्याला एमटीयू म्हणतात, तो थोडा कमी करून पाहायचा. १४०० केला आणि फाइल सुरळीत धावली, तर पूल सापडला म्हणायचा.

जुन्या यंत्रांत आणखी एक आजार दिसतो. स्विच आणि कॉम्प्युटर यांच्यापैकी एक समजतो रस्ता दुहेरी आहे, दुसरा समजतो एकेरी. एका स्टेशनमास्तरने दुहेरी मार्ग धरून गाडी सोडायची आणि दुसऱ्याने एकेरी धरून थांबायचं, तसला घोळ. पिंग ठीक येतो, हलकी वाहतूक चालते, मोठी फाइल रांगते. बहुतेकदा एकाच दिशेने. अपलोड मंद आणि डाउनलोड झकास असेल, आणि लाइनीच्या करारात तसं नसेल, तर हा संशय घ्यावा. दोन्हीकडे सेटिंग 'ऑटो' ठेवलं की भांडण मिटतं.

दोष रस्त्याचा की घराचा?

एवढे सगळे रस्त्याचे आजार सांगितले, पण पुष्कळदा रस्ता निर्दोषच असतो. हे ठरवायची एक सरळ परीक्षा आहे. 'आयपर्फ' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम दोन्ही टोकांना चालवायचा. तो डिस्कला हात लावत नाही, कुलूप लावत नाही, नुसती पाकिटं धावडवून रस्ता मोजतो. तो नव्वद दाखवतो आणि एसएसएच दहा, तर दोष घरातला. दोघंही दहाच दाखवत असतील, तर रस्त्यातला. रस्त्यातला दोष असेल तर हा आकडा लिहून टेलिफोन कंपनीला द्यावा. 'नेट स्लो आहे' या तक्रारीपेक्षा त्याला वजन असतं.

घरातले दोष तीन. पहिला कुलपाचा. प्रत्येक बाइट सांकेतिक करायला कॉम्प्युटरला मेहनत पडते. इंटेलने २०१० पासून आपल्या चिपांमध्ये या कामासाठी खास आज्ञा घातल्या, त्यामुळे चांगल्या सर्व्हरला ही मेहनत जाणवतही नाही. पण कपाटावर ठेवलेला छोटासा साठवण-डबा किंवा जुनं यंत्र असेल तर ते घामाघूम होतं. फाइल जात असताना प्रोसेसरवरचा भार पाहावा. एक गाभा शंभर टक्क्यांवर अडकलेला असेल तर कुलपाची जात बदलावी. एसएसएचमध्ये अशा अनेक जाती असतात आणि छोट्या यंत्राला चाचा२० नावाची जात हलकी पडते. कुलूप बदलायचं, काढायचं नाही!

यातच एक उपप्रकार आहे. पाठवण्याआधी फाइल दाबून लहान करण्याची सोय एसएसएचमध्ये आहे. साधा मजकूर असेल आणि लाइन मंद असेल तर ती वरदान आहे. पण फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात. भरलेल्या गादीवर पुन्हा बसून ती काही लहान होत नाही, बसणारा मात्र दमतो.

दुसरा दोष डिस्कचा. पाठवणारी किंवा घेणारी डिस्कच मंद असेल तर बाकी सगळं व्यर्थ. तीच फाइल त्याच यंत्रात एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी करून वेळ पाहावा.

तिसरा दोष फाइलींच्या संख्येचा. एकच मोठी फाइल आणि एक लाख छोटे फोटो यांचं वजन सारखं असलं तरी वेळ सारखा लागत नाही. प्रत्येक फाइलमागे 'घे', 'घेतलं' असे दोन हेलपाटे धरले, तरी एका फाइलला ८० मिलिसेकंद नुसते वाट पाहण्यात जातात. लाख फाइलींचे सव्वादोन तास! लग्नाच्या पंगतीत एकेक पुरी आणून वाढावी तसा हा प्रकार. सगळ्या फाइलींचं एक गाठोडं बांधून पाठवलं की हे सव्वादोन तास वाचतात.

आणि मुळात रोज सगळंच कशाला पाठवायचं? ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९६ मध्ये आरसिंक हा प्रोग्रॅम आणला. तो दोन्ही टोकांच्या फाइली ताडून पाहतो आणि बदललेला भागच पाठवतो, तोही एसएसएचच्या कुलपातून. वीस गिगाबाइटपैकी दिवसात अर्धाच गिगाबाइट बदलला असेल, तर काम रात्रीच्या जेवणाआधी उरकतं.

अर्ध्या सेकंदाने वाचवलेलं जग

'थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे' असं म्हणणाऱ्यांनी २०२४ सालची एक घटना जरूर लक्षात ठेवावी.

अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होते. एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसरवर उगाच भार पडतोय, हे त्यांना खटकलं. दुसऱ्या कोणी खांदे उडवले असते. त्यांनी धागा धरून ओढला. तो पोहोचला एक्सझेड नावाच्या, फाइली दाबणाऱ्या एका साध्या प्रोग्रॅममध्ये. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी तरी चोरदरवाजा बसवला होता. काही लिनक्स प्रणालींत एसएसएच या प्रोग्रॅमचा भाग आडवाटेने वापरत असे. तो दरवाजा जगभर पसरला असता तर विशिष्ट किल्ली असलेल्या माणसाला असंख्य सर्व्हरांत बिनबोभाट शिरता आलं असतं.

हे काम 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणी तरी केलं होतं. दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस बनून त्याने विश्वास कमावला होता. तो खरोखर कोण, हे जगासमोर आलेलं नाही. फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला, तेव्हा त्या आवृत्त्या प्रामुख्याने चाचणीच्या प्रणालींपर्यंतच पोहोचल्या होत्या. त्या ताबडतोब मागे घेण्यात आल्या. एका माणसाला अर्धा सेकंद खटकला, म्हणून जगातल्या सर्व्हरांची कुलपं शाबूत राहिली.

कुम्हारीच्या ऑफिसात चोरदरवाजा निघणार नाही. बहुधा ढिली वायरच निघेल. पण पद्धत तीच. काल अर्धा तास लागत होता आणि आज तीन तास लागतात, तर मधे काय बदललं हे विचारायचं. त्यासाठी काल किती लागत होता हे ठाऊक हवं. म्हणून एक साधी वही घालावी. रोज किती माल गेला, किती वेळ लागला, पिंग किती आला, एवढ्या तीन रकान्यांची. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीही वहीत लिहावी. चार गोष्टी एकदम बदलून फाइल धावली, तर कशाने धावली हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही औषधं घ्यावी लागतात.

या परीक्षांना एक संध्याकाळ लागते. पिंग, आयपर्फ, आरसिंक यांपैकी कशालाही पैसे पडत नाहीत. एवढं करून शेवटी लाइनच अपुरी आहे असं निघालं, तर दोनशेची लाइन खुशाल घ्यावी. तेव्हा तो खर्च वाया जाणार नाही.

आणि एक काम राहतंच. फाइल अर्ध्या तासात पोहोचायला लागली म्हणून निर्धास्त होऊ नये. महिन्यातून एकदा मुंबईच्या सर्व्हरवरून एखादी जुनी फाइल परत मागवावी आणि उघडून पाहावी. हिशेबाचे आकडे जसेच्या तसे दिसले, तरच माल पोहोचला असं म्हणायचं.